कंटेनर: उलटा करू नये

चंद्रपूर, नागभीड, एटापल्ली आणि मधल्या जंगलातल्या तमाम माणसांना व जनावरांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या साडूंनी माऊसचा त्याग केला आहे. हा त्याग साधा नव्हे. लोक तंबाखू सोडतात आणि पंधरा दिवसांत गुपचूप पुन्हा धरतात. साडूंनी माऊस सोडला तो कायमचा. "बोट दाखवून तं लहान लेकरूही मागते," ते म्हणतात. "माणसानं हुकूम द्यावा, हुकूम!" हुकूम म्हणजे काळ्या पडद्यावर टाइप केलेली एक ओळ. ती टाइप करताना त्यांचा चेहरा असा होतो की समोर संगणक नसून अख्खी पलटण उभी आहे.

साडूंची सारी नोकरी नागभीड जंक्शनात मालगाडीचे डबे जोडण्यात आणि सोडण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांना कुठूनसा शोध लागला, की संगणकातही डबे असतात आणि त्यांना कंटेनर म्हणतात. एखादा प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं तिखटमीठ एका डब्यात भरायचं, तो डबा कुठल्याही संगणकावर नेऊन उघडायचा, चव तीच. इतकी साधी गोष्ट. पण ती त्यांनी मला दोन वर्षं समजावून सांगितली आहे. लग्नात सांगितली, बारशात सांगितली, एकदा तर दाताच्या दवाखान्यात, माझं तोंड उघडं असताना सांगितली. त्यातलं एक कलम ते बोट उगारून सांगत: "डबा फेकला का आतलं सगळं गेलं. जपाचं ते बाहेर ठेवा!"

माझ्या संगणकावर मी पत्ते खेळतो. तरी एका रविवारी ते स्वतःचा कीबोर्ड टॉवेलात गुंडाळून चंद्रपूरला माझ्याकडे हजर झाले, कंटेनरची सोय बसवून द्यायला. सकाळी नऊला हुकूम सुटू लागले. यंत्र म्हणालं, परवानगी नाही. साडू हसले आणि हुकुमाच्या पुढे 'सुडो' हा शब्द लावला. हा शब्द लावला, की यंत्र आपल्याला मालक समजतं म्हणे. मग नेट अडखळलं, चार वेळा चहा झाला, माझी दुपारची झोप गेली. चार वाजता पहिला डबा उघडला आणि पडद्यावर एक ओळ उमटली: नमस्कार. बस्स. सात तासांचा नमस्कार! "एवढ्यासाठी?" मी किंचाळलो. "आता हा नमस्कार तुम्ही कुठीही नेऊ शकता, भाऊ," ते शांतपणे म्हणाले.

त्यांच्या घरीही तेच. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर त्यांनी चिठ्ठ्या चिकटवल्या: 'हळद, ताजी आवृत्ती', 'मीठ, आवृत्ती दोन'. एकदा पेपरातून मान वर न काढता त्यांनी "सुडो चहा!" असा पुकारा केला. आतून मेहुणी म्हणाली, "परवानगी नाई!" आणि मग माझ्याकडे वळून, "पाहा न भाऊजी, नोकरी होती तं रेल्वेचे डबे, आता संगणकातले डबे, अन् घासाले हे घरातले. माह्या नशिबातच डबे आहेत."

या वेडाचा एकच सज्जन उपयोग झाला. एटापल्लीकडच्या एका गोंड शिक्षिकाबाई आपल्या गावातल्या म्हाताऱ्यांकडून गोंडी शब्द वहीत उतरवत होत्या. साडूंनी त्यांच्यासाठी शब्दकोशाचा प्रोग्राम बनवला. तिकडचं नेट असलं डाऊनलोड पेलणार नव्हतं. म्हणून साडूंनी प्रोग्रामचा कंटेनर पेनड्राइव्हमध्ये घातला, पेनड्राइव्ह स्टीलच्या डब्यात ठेवला, वर लिहिलं, 'कंटेनर. उलटा करू नये', आणि एसटीनं पाठवला. बाई सहा महिने शब्द भरत होत्या. वही उन्हाळ्यात वाळवीनं खाल्ली. तोवर सगळं यंत्रात गेलेलं होतं म्हणून कोणी हळहळलं नाही.

नवी आवृत्ती बसवायला साडू स्वतः निघाले आणि सोबत मला ओढलं. बसमध्ये बाईंचा फोन आला, प्रोग्राम अडकलाय. साडू ओरडले, "मारून टाका त्याले! मेला नाई? मंग अजून एकदा मारा!" पुढच्या बाकावरच्या म्हातारीनं मांडीवरची कोंबडी पदराखाली घेतली.

बाईंच्या घरी साडूंनी कीबोर्ड उलगडला. जुना डबा थांबवला, पुसला, नवा उघडला. नवा डबा लख्ख होता, आणि रिकामा. शब्द: शून्य. जपायचं ते बाहेर ठेवायला साडू विसरले होते. सगळे शब्द डब्यातच होते आणि डबा त्यांनी स्वतःच्या हुकुमानं फेकला होता.

खरं सांगतो, दोन वर्षं मी या क्षणाची वाट पाहिली होती. आता तो आला तर मीच म्हणालो, "सुडो लावून पाहा." साडू एकामागून एक हुकूम देत होते, 'सुडो' लावून देत होते, यंत्र ढिम्म. "ज्यायनं शब्द सांगतले," बाई हळूच म्हणाल्या, "त्यातल्या दोघी आता नाईत, भाऊ." साडूंचे हात कीबोर्डावरून खाली आले.

बाई आत गेल्या. पाहुण्यांची निघायची वेळ झाली म्हणून जे द्यायचं ते घेऊन आल्या: तोच स्टीलचा डबा, जड. साडूंनी काहीतरी करायचं म्हणून झाकण काढलं. आत रानातली चारोळी, आणि वर कागदात गुंडाळलेला पेनड्राइव्ह. "ह्याच्यात माह्याच जुना प्रोग्राम असन," ते पुटपुटले. बाई थबकल्या आणि एकदम कपाळावर हात मारून घेतला. "लावा, लावा ते!"

लावला. पडद्यावर शब्दांची रांग सुरू झाली आणि संपेना. पहाटे मोहफूल जमिनीवर पडतं त्या आवाजाला एक शब्द होता. सांगणारीचं नाव पुढे होतं. साडूंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. बराच वेळ त्यांनी कोणालाच काही समजावून सांगितलं नाही, आणि मला, कोण जाणे का, ते बरं वाटेना.

"कोणता हुकूम देल्ला तुम्ही?" शेवटी त्यांनी विचारलं.

"हुकूम कायचा, भाऊ! काल डब्यात चारोळी भरली, तं हा एवढासा पेनड्राइव्हही रिकाम्यासारखाच दिसला. माऊसनं ओढून टाकले सगळे शब्द त्याच्यात. रिकामा डबा कोणी वापस करते का?"