धुक्यातलं ‘समजते’

सायंदैनिकाच्या कचेरीत तिला सगळे ‘समजतेताई’ म्हणत. बातमी कच्ची असली की वृत्तसंपादक कागद तिच्या टेबलावर सरकवायचे आणि ती त्या बातमीला ‘समजते’चं शेपूट जोडून द्यायची. मंत्री नाराज असल्याचे समजते. पूल लवकरच होणार असल्याचे समजते. कुणाला समजते, कुणाकडून, हे विचारायची सोय नाही, आणि उद्या खोटं निघालं तरी अंगाशी येत नाही. या क्रियापदावर तिचा भारी जीव.

त्या सकाळी खाडीवरचं धुकं थेट कचेरीत शिरलं. खिडक्यांच्या चौकटी तेवढ्या उरल्या, पलीकडचा रस्ता पुसून गेला. मधूनच कुठेतरी भोंगा वाजायचा आणि कापसात बुडावा तसा बुडून जायचा. ती अर्धवट झोपेत असल्यासारखी मजकूर तपासत होती, तोच निरोप आला: समोरच्या काठावरून सुटलेली फेरीबोट धक्क्याला लागलेलीच नाही.

ती बोट तिचा नवरा चालवायचा.

“बंदरवाले म्हणतात, काळजीचं कारण नाही,” वृत्तसंपादक तिच्याकडे न बघता म्हणाले. “तू राहू दे. मी लिहितो.”

“नको दादा, लिहिते मी.”

हात सवयीने चालला. ‘बोटीवरील सर्व प्रवासी सुखरूप असल्याचे समजते.’ इतक्यात सासूबाईंचा फोन.

“काय गं, काही कळलं का?”

“सगळे सुखरूप असल्याचं समजतंय, आई.”

“समजतंय म्हणजे? कुणी पाहिलंय का त्याला?”

वर्षानुवर्षं ती ज्या शब्दावर बिनघोर पाय टाकत आली, त्याच्याखाली आज जमीनच लागत नव्हती. अशा किती घरांत, किती जणी हाच शब्द धरून बसल्या असतील?

ती उठली. “दादा, ही बातमी थांबवा. मी धक्क्यावर जाऊन येते.”

“अगं, छपाई खोळंबेल!”

“खोळंबू दे.”

रस्त्यात माणसं अर्धीच दिसत होती. कुणाचे नुसते पाय, कुणाची नुसती छत्री. धक्क्यावर गर्दी होती. पाणी कुठे सुरू होतं तेही कळत नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. मग समोरचा पांढरा रंग जरा विरळ झाला आणि त्यातून बोटीचं नाक हळूच बाहेर आलं, स्वप्नात यावं तसं, आवाज न करता.

“मधेच नांगर टाकून बसलो,” नवरा उतरता उतरता म्हणाला. “दिसतच नाही, तर पुढे कशाला जायचं?” मग दचकून, “तू इथे कशी?”

तिने त्याची ओली बाही घट्ट धरली आणि दुसऱ्या हाताने तिकीट खिडकीतला फोन ओढला. “दादा, घ्या लिहून. सगळे सुखरूप आहेत.”

“असल्याचे समजते?”

“नाही. आहेत. समोर बघतेय मी.”

‘समजते’ काही सुटलं नाही. त्या धंद्यात सुटणारही नाही. पण पुढे ते लिहिण्याआधी ती आणखी एक फोन करू लागली, आणि तिचा मजकूर उशिरा येतो म्हणून वृत्तसंपादक कुरकुरू लागले.

त्या दिवशी नवरा दुपारीच गाढ झोपला. सासूबाई त्याच्या उशाशी पेपर घेऊन बसल्या. बातमी त्यांनी वाचलीच नाही. पांघरूण वर-खाली होत होतं, तेवढं बघत राहिल्या.