सात बिनसहीच्या मतपत्रिका

टपाल कचेरीच्या दोन नंबरच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईंना सगळे टपालकाकू म्हणतात. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून एकही रजिस्टर्ड पत्र गहाळ झालेलं नाही. हे त्या स्वतः सांगत नाहीत. बाकीचे सांगतात, त्या फक्त नाही म्हणत नाहीत. पुढच्या महिन्यात कचेरीचे प्रमुख निवृत्त होणार होते आणि त्या खुर्चीसाठी काकूंचं नाव यादीत पहिलं होतं. अट एकच होती, चालू वर्षात सेवापुस्तकात शेरा नको.

अशात निवडणूक कचेरीचं पत्र आलं. नगरपालिकेच्या निवडणुकीत औषधाच्या दुकानदाराने मुख्याध्यापिकाबाईंना चार मतांनी हरवलं होतं. बाईंनी फेरमोजणी मागितली. आकडे जागचे हलले नाहीत, पण बाद मतांत सात मतपत्रिका अशा निघाल्या की ज्यांच्या पाठीवर केंद्रप्रमुखाची सहीच नव्हती. सातही एकाच केंद्रावरच्या, आणि तिथल्या केंद्रप्रमुख टपालकाकू.

पत्र वाचल्यावर सासूबाईंनी पहिला सूर लावला. "तरी मी म्हटलं होतं, त्या कामाला जाऊ नकोस, आजारी पड. शेजारचा तलाठी कसा पडला? दोन दिवस पाठ धरून बसला आणि मतदान संपल्यावर जिने चढायला लागला."

नवऱ्याचं कुलूप-किल्लीचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत आहे. तो किल्ली घासत होता. मान वर न करता म्हणाला, "आठवत नाही म्हणून सांग. आठशे कागदांवर सह्या केल्यात, कुणाला आठवेल? खोटंही नाही ते."

"मला आठवतंय," काकू म्हणाल्या.

"मग विसर. निवडणूक कचेरीत अकराला बोलावलंय, तेवढा वेळ आहे."

काकूंना खरंच आठवत होतं. मतदानाच्या दिवशी दुपारी कारखान्याची पाळी सुटली आणि रांग फाटकाबाहेर गेली. सह्या करून ठेवलेले कागद संपत आले. नियमाप्रमाणे एकेक कागद उलटून सही करायची. काकूंनी टपालातली रीत वापरली. पन्नासचा गठ्ठा तिरका दाबला, कागदांच्या कडा पायऱ्यांसारख्या मोकळ्या केल्या आणि दिसणाऱ्या पट्टीवर भराभर सह्या ओढल्या. टपालात असे फॉर्म त्यांनी हजारोंनी हातावेगळे केले होते. पण टपालाचे फॉर्म जुने, हाताळून सैल झालेले असतात. हे कागद नुकतेच यंत्रावर कापलेले, कडेला कड चिकटलेली. मधूनच दोन कागद एकच पायरी होऊन बसले, तर वरच्यावर सही आणि खालचा कोरा.

निवडणूक कचेरीच्या लांब टेबलावर सातही मतपत्रिका पालथ्या मांडल्या होत्या. मत कुणाला, ते दिसत नव्हतं. एका बाजूला दुकानदार आणि त्याचा वकील, दुसऱ्या बाजूला मुख्याध्यापिकाबाई. निवडणूक अधिकारी कोरडा माणूस होता, पण वाईट नव्हता.

"दिलेले कागद आठशे बारा, पेटीत निघाले आठशे बारा," तो म्हणाला. "पाठीवर केंद्राचा शिक्का आहे, सही नाही. ही तुमची नजरचूक होती असं तुम्ही लेखी दिलंत तर मतं धरता येतात. सांगता येत नाही असं लिहिलंत तर बाद राहतील. आणि बाई, लेखी दिलंत की मला तुमच्या खात्याला कळवावं लागेल."

"शेरा?"

"शेरा."

वकील पुढे झुकला. "खरे कागद काढून हे बाहेरून आत सरकवले नसतील कशावरून? केंद्रप्रमुखांनी नुसतं माझी चूक म्हटलं म्हणून धरायचं?"

इथे काकू गप्प बसल्या असत्या तर वकिलानेच त्यांचं काम केलं असतं. खुर्ची शाबूत राहिली असती आणि कुणी त्यांच्याकडे बोटही दाखवलं नसतं. त्यांना रांगेतली माणसं आठवली. तेलकट हातांची, घरी जायच्या घाईतली. कोणती सात, ते त्यांना कधीच कळणार नव्हतं.

"एक कागद खिडकीपाशी नेऊ का?" त्यांनी विचारलं.

अधिकाऱ्याने पालथाच कागद धरून स्वतः नेला. काकूंनी तो उजेडात तिरका करायला सांगितला. सहीच्या कोऱ्या जागेत शाईशिवाय उमटलेले खोल वळ दिसले. टोकाचा फाटा वर ओढलेली ती काकूंचीच सही होती.

"टपालात कार्बन लावून तीन प्रती काढाव्या लागतात," काकू म्हणाल्या. "सव्वीस वर्षं दाबून लिहितेय. वरच्या कागदावर सही झाली, खालच्यावर वळ गेला. सातही बघा."

सातही पाहिले. वकिलाने दोन वेळा पाहिले आणि चष्मा पुसायला घेतला. मग काकूंनी निवेदन लिहिलं. चुकीचं कारण या रकान्यात गठ्ठ्याची रीत आणि रांग असं दोन्ही लिहायला घेतलं होतं, रांग खोडली. रांगेची काही चूक नव्हती.

कागद उलटले. सहा मतं मुख्याध्यापिकाबाईंना, एक दुकानदाराला. बाई एका मताने निवडून आल्या. आनंदाने त्या काकूंकडे यायला निघाल्या, तशा काकू म्हणाल्या, "माझ्याकडे नका येऊ. लोक बघताहेत." आणि जिना उतरल्या.

घरी सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी दुप्पट बोलल्या. नवरा एवढंच म्हणाला, "वळ दाखवायची काय गरज होती? तेवढं तरी पोटात ठेवायचंस." कचेरीप्रमुखाची खुर्ची काकूंपेक्षा नऊ वर्षांनी लहान असलेल्या सहकाऱ्याला मिळाली. तो पहिल्या दिवशी ओशाळून म्हणाला, "ताई, तुम्हीच बसायला हव्या होतात." काकू म्हणाल्या, "बस आता. आणि पार्सलाचा काटा दुरुस्तीला पाठव, दोन महिने सांगतेय."

पुढच्या आठवड्यात दुकानदार खिडकीवर आला. हातात तीन जाड पाकिटं. निकालाला त्याने न्यायालयात आव्हान दिलं होतं, त्याच्या नोटिसा. एक अधिकाऱ्याला, एक मुख्याध्यापिकाबाईंना. तिसऱ्यावरचा पत्ता काकूंनी वाचला. त्यांचाच होता.

"आता समोरच आहात तर घेऊन टाका ना," दुकानदार म्हणाला. "उगाच पोस्टमनला हेलपाटा कशाला?"

"तसं चालत नाही. रजिस्टर्ड आहे, पोस्टमनच आणणार."

"म्हणजे न्यायालयात यायला लागणार तुम्हाला, कळतंय ना?"

"येईन. रजा शिल्लक आहे." त्यांनी पाकीट काट्यावर ठेवलं. "पिनकोड लिहिलेला नाहीये. लिहा, नाहीतर चार दिवस उशीर होईल."

दुकानदाराने खिसे चाचपले. काकूंनी खिडकीतून पेन पुढे केलं.