मिस्त्रीचा खुबा

गॅरेजवाल्या मिस्त्रीचा राग पायातल्या बुटात असे. भाजीत मीठ कमी पडो नाहीतर गिऱ्हाईक वाकडं बोलो, तो वाकायचा, बूट उपसायचा आणि बायकोला भिरकावून मारायचा. नेम चुकला तर उठून, हातात बूट घेऊन. बायको घरीच शिवणकाम करी. ही शिंपीणबाई भर उन्हाळ्यात लांब बाह्या घाली आणि लोकांना वाटे, बाईला नटायची हौस.

पुढे मिस्त्रीचा खुबा झिजला. डॉक्टरीणबाईंनी नवा सांधा बसवला आणि बजावलं, "बसल्या जागी खाली वाकायचं नाही. पाय आत वळवायचा नाही." मिस्त्रीने शहाण्या बाळासारखी मान डोलावली.

मग एका दुपारी चहा गार निघाला. मिस्त्री खुर्चीतून बुटासाठी वाकला आणि खाड्कन आवाज झाला. गोळा वाटीतून निसटला. एवढा धिप्पाड गडी फरशीवर पडून गुरासारखा ओरडू लागला. पाय आखूड झालेला, गुडघा आत वळलेला. दवाखान्यात भूल देऊन डॉक्टरीणबाई टेबलावर चढल्या आणि सगळं बळ एकवटून पाय ओढला, तेव्हा कुठे सांधा जागेवर बसला.

"कसा निघाला?" त्यांनी विचारलं.

"मोजे घालताना," शिंपीणबाईने वेळ मारून नेली. घरची लक्तरं बाहेर कोण टांगणार?

दुसऱ्यांदाही तेच झालं आणि तिने तेच सांगितलं. या खेपेला कमरेपासून मांडीपर्यंत पट्टा आला. मिस्त्री आता वाकायला भ्यायचा, नुसत्या शिव्या द्यायचा. लग्नानंतर इतकी शांतता तिने प्रथमच भोगली. पण भीती ओसरली तसा त्याने पट्टा काढून फेकला आणि हात पुन्हा बुटाकडे गेला.

तिसऱ्या वेळी ती पळाली नाही.

"वाका," ती म्हणाली. "वाका की."

तो वाकला. सांधा निखळला. तो फरशीवर तळमळत आईला हाका मारत होता, आणि तिने मशीनवरची बाही पुरी केली, दोरा तोडला, मगच फोन केला. तिला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं.

आता मिस्त्री खाटेवर होता, पायाला वजन बांधलेलं. उशाशी त्याची थोरली बहीण.

"पुन्हा उघडावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळ्याला घट्ट धरून ठेवणारी वाटी घालू. पण सारखा जोर पडला तर तीही उखडते. नक्की काय करताना निघतो, ते खरं सांगा."

"नवी घातली की वाकले तरी निघणार नाही?" शिंपीणबाईने विचारलं.

"सहसा नाही."

मिस्त्री हसला. "ऐकलंस ना?" तो तिला म्हणाला.

तेवढ्यात नणंद करवादली, "हिचंच लक्ष नसतं. नवऱ्याला मोजे घालून द्यायला हात झिजतात का?"

"मोजे नव्हेत, वन्सं. मला मारायला बूट काढतात, तेव्हा निघतो. तिन्ही वेळा तसाच निघाला."

मिस्त्रीचा चेहरा लालबुंद झाला. "घरी चल," तो दातओठ खात म्हणाला, "मग दाखवतो."

"बाई, वाटी चांगली घट्ट बसवा," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "घरी न्यायला वन्सं आहेत. मी मशीन घेऊन भावाकडे चाललेय."

दाराकडे जायची वाट खाटेला लागूनच होती. मिस्त्रीने हात उगारला. ती अंग न चोरता तिथूनच गेली.