पिवळे ठिपके असलेले टायर

नव्या रबराचा वास आला का मले चंद्रपूरचं ते कारचं शोरूम आठवते, पोरगी तवा मांडीवर होती आन् आम्ही फक्त गाडीचं ऑइल बदलवाले गेलो होतो, तं तिथचा माणूस टायरवर हात फिरवून म्हणे, "ताई, हे चारही गेले. जंगलात फुटले तं लेकराचं काय?" माहा नवरा म्हणे, "काऊन घाबरवता जी, अजून लय चालतीन." पन माह्या डोळ्यापुढं आमच्या मूल गावाकडची जंगलातली वाट आली, मी म्हटलं बदलवून टाका. जुने टायर त्यायनं ठेवून घेतले. दसऱ्याच्या पूजेले मी त्या टायरायले पिवळ्या पेंटाचे ठिपके लावले होते. पुढच्या उन्हाळ्यात मूलच्या बाजारात एका गाडीच्या टायरवर तेच ठिपके दिसले, अर्धे उडालेले. गाडीतून शोरूमचा तोच माणूस उतरला, हासला, "काय ताई, बरं हाये ना?" मागच्या शीटवर त्याचं लेकरू निवांत झोपलं होतं. मी मान हालवली. आता पोरगी शाळेत जाते, तरी गाडीत बसली का मी तिले मांडीवरच घेते.