अक्काच्या हातची हळद

आमचं लग्न नगरच्या कचेरीत, रजिस्टरवर सह्या करून झालं. दुष्काळाचा तो दुसरा उन्हाळा होता. मी संगमनेरला हायस्कुलात शिकवत होतो, ती भिंगारला प्राथमिक शाळेत. तिचे वडील लष्कराच्या गोदामात कारकून होते. त्यांची जात निराळी, आमची निराळी. भटजी, मुहूर्त, मंगलाष्टका यातलं काही नको, हे आम्हा दोघांचं सुरुवातीलाच ठरलं होतं. पण नुसत्या सह्या करायच्या, चहा प्यायचा आणि उठायचं, हे तिला पटत नव्हतं.

"भटजी नको म्हणजे हौसही नको असं थोडंच आहे?" ती म्हणाली. "आपल्याला हवं ते आपण ठेवू. तुम्हाला काय हवंय?"

"मला अक्काच्या हातची हळद लागायला हवी," मी म्हणालो.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो आणि अक्का पंधरा. तिचं लग्न झालं, तिसऱ्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. मला तिनंच वाढवलं. भावकीत लग्न निघालं की आठ दिवस आधी तिला बोलावणं यायचं. गहू निवडायला, सांडगे घालायला, पुऱ्या लाटायला अक्का. हळदीच्या वेळी मात्र कुणीतरी तिला हळूच म्हणायचं, "जरा चुलीकडं बघ गं." दहाएक वर्षांचा असताना चुलतभावाच्या हळदीला मीच तिचा हात धरून तिला पाटापाशी ओढत नेलं होतं. चुलती म्हणाली, "तिचा हात नगं लागाया." अक्कानं हात मागं घेतला आणि पदराला पुसला. हाताला काहीच लागलेलं नव्हतं.

लग्न ठरल्यावर मी अक्काला हळदीचं विचारलं तेव्हा ती एकदम घाबरली. "तुमचं नवं हाय, चांगलं हाय. पन माझा हात नगं. माझ्यानं न्हाई व्हायचं ते."

मी तिथंच सोडून दिलं असतं. पण ती, म्हणजे माझी होणारी बायको, एका रविवारी एकटीच एस.टी.नं आमच्या गावी गेली. अक्का तेव्हा तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. ही दुपारभर तिच्या शेजारी दगडांच्या ढिगावर बसून राहिली. दोघी काय बोलल्या ते मला कधीच सगळं कळलं नाही. एवढंच कळलं की शेवटी ही म्हणाली, "अक्का, तुमचा हात लागला नाही तर मी सही करणार नाही. मग तुमचा भाऊ राहील तसाच." अक्का हसली म्हणे, आणि म्हणाली, "लई हट्टी हाईस."

लग्नाच्या दिवशी अक्का आली, बरोबर चुलता-चुलती आले. आमचे वडील थकलेले, ते गावीच राहिले. तीन साक्षीदारांत आम्ही एक नाव अक्काचं घातलं होतं. तिला सही येत नव्हती. कचेरीतल्या कारकुनानं तिचा अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला, पण खडी फोडून फोडून अंगठ्यावरच्या रेषाच झिजल्या होत्या. नुसता काळा डाग उठला. त्यानं दुसऱ्यांदा दाबला, तिसऱ्यांदा दाबला. अक्का ओशाळून म्हणाली, "साहेब, दुसऱ्या कुनाचा घ्या." तो भला माणूस होता. म्हणाला, "मावशी, तुमचाच घ्यायचाय," आणि चौथ्यांदा जरा बरा उठला.

मग आम्ही भिंगारला बायकोच्या वडिलांच्या क्वार्टरवर आलो. अंगणात दोन सतरंज्या टाकल्या होत्या. पाण्याची ओढ असल्यामुळं जेवणावळ नव्हती, पेढा आणि चिवडा होता. आम्ही दोघांनी एकमेकांना काय कबूल करतो ते चार-चार ओळींत लिहून आणलं होतं, ते उभं राहून वाचलं. मी चाचरत वाचलं, तिनं खणखणीत. मग तिनं हळदीची वाटी आणून अक्काच्या हातात दिली.

अक्का कितीतरी वेळ वाटी धरून नुसती उभी राहिली. मग तिनं दोन बोटं बुडवली आणि हिच्या गालाला लावली, मग माझ्या. तिची बोटं खरखरीत होती. हिनं त्याच वाटीतली हळद घेऊन अक्काच्या गालाला लावली. अक्का लहान मुलीसारखी हसली. मी तिला तसं हसताना आधी पाहिलं नव्हतं. चुलती पेढा न घेता उठली. जाता जाता अक्काच्या कानाशी काहीतरी बोलली.

पुढच्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच आलेली, मुठीएवढी. ती नऊ दिवस जगली.

अक्का दवाखान्यात आली, पण दाराच्या आत पाऊल टाकेना. बायकोनं खाटेवरून हाक मारली, "अक्का, इकडं या ना. माझ्याजवळ बसा." अक्का भिंतीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मी सांगत हुते. माझा हात नगं म्हनून मी सांगत हुते."

मी त्या वेळी तिच्याजवळ जाऊन तिला धरायला हवं होतं. पण नऊ दिवसांच्या जागरणानं माझं डोकं फिरलं होतं. मी ओरडलो, "बास कर आता! आमचं दुःख आम्हाला पुरे आहे, त्यात तुझं हे खूळ नको." सगळा वॉर्ड माझ्याकडं बघत होता. अक्का त्याच पावली गावी परत गेली.

दोन वर्षांनी मुलगा झाला, धडधाकट. अक्कानं त्याच्यासाठी गोधडी शिवून पाठवली, पुढं दरवर्षी एक शिवायची. आमचे वडील वारल्यावर ती आमच्याकडंच राहायला आली. घरातलं सगळं करायची. पण पोराला कधी कडेवर घेतलं नाही. तो रांगत तिच्याकडं निघाला की उठून दुसरीकडं जायची. बायकोनं पहिल्यांदा समजावलं, मग रागावली, मग गप्प बसली. वाढदिवसाला ओवाळायची वेळ आली की अक्का न सांगता परसात निघून जायची. पूर्वी तिला लोक बाजूला करायचे. आता आमच्या घरात, जिथं तिला कुणीही काही म्हणत नव्हतं, तिथं तिनं स्वतःलाच बाजूला केलं होतं.

मी बायकोला एकदा विचारलं, "आपण चुकलो का गं? तिला नको होतं, आपण आपल्या हौसेसाठी ओढलं तिला."

तिनं झोपलेल्या पोराचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "हळद लावली त्यात नाही चुकलो. पण नंतर तिला एकटं सोडलं."

दवाखान्यातल्या त्या बोलण्याबद्दल अक्काची माफी मागायची, असं मी कितीदा ठरवलं. एका दुपारी ती ओसरीत गोधडीला टाके घालत बसली होती. मी शेजारी जाऊन बसलो. म्हणालो, "अक्का, त्या दिवशी मी तुला—"

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "सुईत दोरा ओवून दे. मला दिसंना झालंय."

मी दोरा ओवून दिला. पुढं बोललो नाही. त्यानंतर ती चार वर्षं होती.