पुढच्या खोलीतला कापूस

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. अर्थशास्त्रात एम. ए. केलं, शहरात एका कॉलेजात शिकवते, पुंडलिकनगरात राहते. कुणी न विचारताही मी हे सांगते, त्यात लाजायचं काय? तोटा एवढाच की करमाडला माहेरी गेलं की देशाच्या अर्थकारणात काहीही हललं तरी जाब मलाच विचारतात.

त्या साली वेचणी झाली आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कापूस पुढच्या खोलीत भरला. आमच्याकडे सगळेच भरतात; भाव चढेपर्यंत कापूस घरात आणि माणसं जागा मिळेल तिथं. आमची पुढची खोली म्हणजे पाहुण्यांची, टीव्हीची आणि मायच्या निजण्याची. ती पत्र्यापर्यंत भरली. टीव्ही सैपाकाच्या खोलीत गेला आणि माय ओसरीत.

निवडणूक तोंडावर होती. उमेदवार पारावर येऊन सांगून गेला, बाहेरच्या देशातून येणाऱ्या कापसावरचा कर आम्ही हटू देणार नाही, घाई करू नका, भाव चढणार. मोबाइलवर टाय लावलेले एक अर्थतज्ज्ञ रोज दिसायचे. तेही म्हणत होते, भाव चढेल. आबांचा हिशेब सरळ होता: मतं मागणारा आणि शिकलेला, दोघं एकच सांगतायत म्हणजे खरं असणार.

रविवारी मी गेले तर ओसरीत आबा, शेजारचे चुलते आणि गल्लीतले दोघंतिघं माझीच वाट बघत बसलेले.

"बाई, तू सांग," आबा म्हणाले. "ठिवावा का इकावा?"

मी त्या तज्ज्ञांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं होतं. कर आहे तसा राहिला तरच, असं ते म्हणाले होते. तिथपर्यंत गावात कुणी ऐकलंच नव्हतं. आणि कर राहणार की जाणार हे त्या उमेदवाराच्या हातातच नव्हतं. हे सगळं मी सांगितलं.

"ते कळलं. पण भाव काय व्हईल?"

"मला माहीत नाय, आबा. कुणालाच नाय."

चुलते तंबाखू चोळत म्हणाले, "म्हंजे पगार माहीत नाय म्हणायचाच घेती व्हय?"

सगळे हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी चारचौघांत मला बोलावलं होतं ते मिरवायला, आणि मी सगळ्यांना रिकाम्या हातानं पाठवलं. माणसं उठून गेल्यावर म्हणाले, "लई शिकवलं तुला." एवढंच. वर्गात हेच 'माहीत नाही' मी ताठ मानेनं म्हणते. तिथं ते प्रामाणिक वाटतं.

उमेदवार निवडून आला. आबांनी मत त्यालाच दिलं. पुढं कर हटला, भाव उतरला. निवडून आलेला म्हणाला, निर्णय वरून झाला. तज्ज्ञ म्हणाले, परिस्थिती बदलली. दोघंही एका अर्थी खरंच बोलत होते, आणि खरं सांगायचं तर याचाच मला जास्त शीण आला. कुणी खोटं बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं. त्या दोघांच्या घरी पुढची खोली मोकळी होती, आमची नव्हती, एवढाच काय तो फरक.

तोवर कापसात किडे झाले होते. बारीक, डोळ्यांना धड न दिसणारे. घरभर खाज. मायचे हात कोपरापर्यंत सोलवटले, आणि थंडीत ओसरीत निजून खोकला छातीत उतरला. तिला दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तो कापूस आधी घराबाहेर काढा.

मी तशीच आबांकडं गेले. ते मोबाइल बघत बसले होते. नवे तज्ज्ञ होते, नवा टाय. म्हणत होते, उन्हाळ्यात सुधारेल.

"आबा, हे बी खरं असंल," मी म्हणाले. "पण समजा उन्हाळ्यात भाव चढला. तोवर माय कुठं निजणार?"

ते मोबाइलकडंच बघत राहिले.

"भावाचं मला माहीत नाय. मायचं माहीत हाय."

"त्याला अर्थशास्त्र कशाला लागतं?" आबा म्हणाले.

"नाय लागत."

आतून माय म्हणाली, "माझ्यासाठी नका इकू. चार पैसे येतील ते येऊ द्या." आणि खोकायला लागली. खोकला थांबेना तेव्हा आबांनी मोबाइल पालथा ठेवला आणि गावात खरेदीला फिरणाऱ्या व्यापाऱ्याला निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. कापूस पिवळा पडलाय म्हणून व्यापाऱ्यानं भाव आणखी पाडून मागितला. आबांनी घासाघीस केली, पण मन नव्हतं त्यात. दुपारपर्यंत खोली रिकामी झाली. भिंतींना कापूस चिकटून राहिला होता, तो मी आणि मायनं ओल्या फडक्यानं काढला.

संध्याकाळी आबा उंबऱ्याशी उभे राहिले. "आता भाव चढला म्हंजे?"

"चढू द्या."

"तुला काय जातंय म्हणायला. तुला पगार हाय."

ते बरोबरच म्हणत होते. उमेदवाराला आणि तज्ज्ञाला मी मनात जे म्हणत होते, तेच त्यांनी मला म्हटलं होतं. मायची गादी आत आणून मी खिडकीखाली घातली. ती आडवी झाली, बराच वेळ खोकली, मग निजली. आबा दारातच उभे होते, ती निजली का ते बघत.