अळणी मंगळवार

बहात्तरच्या दुष्काळात नगरकडच्या कर्जत तालुक्यातली निम्मी माणसं खडी फोडत होती आणि ऊन सगळ्यांनाच रापवत होतं. त्यामुळे लंकाबाई काळवंडली, यात कुणाला वावगं दिसलं नाही. पण तिच्या हिरड्या आणि तळहाताच्या रेषासुद्धा काळ्या पडल्या होत्या. तिथं कुठलं ऊन पोचतंय! अंगात त्राण नव्हतं, आणि मिठाची अशी ओढ लागली होती, की पदराला खडे बांधून ती चोरून चघळायची.

सासूला, केशरबाईंना, काळजी वाटे. पण त्यांची काळजीसुद्धा हुकमी. सून बरी व्हावी म्हणून ती दर मंगळवारी अळणी जेवेल, असं त्यांनी राशीनच्या देवीला परस्पर बोलून टाकलं. पदरातले खडेही काढून घेतले. दुसऱ्याच मंगळवारी लंकाबाई खडीच्या ढिगावर कोसळली.

ट्रकमध्ये घालून तिला नगरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हिरड्या पाहून विचारलं, "हिला काय खावंसं वाटतं?"

केशरबाई रडतच म्हणाल्या, "मीठ, सायेब. मीच तोडलं."

"आजी, बरं झालं सांगितलंत."

लंकाबाई सलाईनवर सावरली, तेव्हा डॉक्टरांनी दोघींना समजावलं. मूत्रपिंडांवर दोन छोट्या ग्रंथी असतात. अंगावर ताण आला, की मेंदूखालची एक ग्रंथी रक्तातून सांगावा धाडते आणि मूत्रपिंडांवरच्या त्या दोन ग्रंथी माणसाला तगवणारा रस सोडतात. "हिच्या ग्रंथी वाळल्यात. रस येत नाही, म्हणून वरून सांगाव्यावर सांगावा. कातडी काळी पडली ती त्यानंच. आता तो रस रोज गोळीतून घ्यायचा. मीठ खायचं. ताप आला, मोठा धक्का बसला, तर गोळी दुप्पट."

देवीला दिलेला शब्द केशरबाईंना मोडवेना. मंगळवारचं अळणी त्यांनी स्वतःच्या ताटात घेतलं आणि सुनेच्या ताटात चिमूटभर मीठ जादा. सुनेला शिंक आली तरी गोळ्यांची डबी घेऊन हजर!

"आत्याबाई, तुमच्यामुळं जगले," लंकाबाई म्हणे.

"माझ्यामुळंच मरत हुतीस, त्ये इसरू नको."

लंकाबाई ते केव्हाच विसरली होती. तिच्या लक्षात उपकार तेवढे राहिले.

चौऱ्याहत्तरच्या थंडीत केशरबाईंनी अंथरूण धरलं. जवळ बोलावून म्हणाल्या, "मी गेले की आदी जादा गोळी घ्यायची. मंग रड, किती रडायचं त्ये."

त्या गेल्या, तेव्हा आयाबाया लंकाबाईच्या गळ्यात पडायला आल्या. तिनं हातानंच सगळ्यांना थांबवलं, फळीवरची डबी काढली, जादा गोळी पाण्याबरोबर गिळली, आणि मग "आत्याबाई" म्हणून हंबरडा फोडला.